कॅनन १०-१८ लेन्स: मुंबईच्या घरात लागतेच, फक्त माणसं कुठे उभी करायची ते आधी बघा

दहा बाय बाराचा हॉल, त्यात एक सोफा, एक शोकेस, एक कपाट आणि साखरपुड्याला आलेली तीस-पस्तीस माणसं, यांचा एकत्र फोटो काढायचा असेल तर वाइड लेन्स कशाला लागते हे मुंबईतल्या कुणाला समजवायला नको. मागे सरकायला जागाच नसते, पाठ टेकते ती थेट फ्रिजला. मी परळ, दादर, गिरगाव या भागात घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढते, बारसं, मुंज, डोहाळजेवण, साखरपुडा वगैरे, आणि माझ्या बॅगेत कॅननची ईएफ-एस १०-१८ एमएम कायम असते (एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंथ, तो जितका लहान तितकं जास्त रुंद दृश्य फ्रेममध्ये मावतं). या लेन्सचे रिव्ह्यू भरपूर आहेत, पण बहुतेक सगळे भिंती, इमारती आणि डोंगर यावर, कोपरे किती शार्प आहेत त्यावर. माणसांचं काय होतं यावर फार कमी लिहिलंय आणि आपल्याकडे तर ही लेन्स लोक माणसांसाठीच घेतात, म्हणून हे लिहितेय.

आधी माहितीचं पटकन संपवते. लेन्स २०१४ मध्ये आली, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवाल्या कॅनन डीएसएलआरसाठी. वजन २४० ग्रॅम, म्हणजे गळ्यात दिवसभर अडकवली तरी मान दुखत नाही. कॅमेऱ्यात अडकतो तो माउंट प्लास्टिकचा आहे पण नीट वापरली तर काही होत नाही. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं तोंड, एफ/४.५ ते ५.६, म्हणजे कमी उजेडात फार मदत नाही, त्यावर पुढे बोलू. स्टॅबिलायझेशन आहे आणि चांगलं आहे. ऑटोफोकस आवाज करत नाही, व्हिडिओला बरं पडतं. फोकस अगदी २२ सेंटिमीटरपर्यंत जवळ होतो. फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशेबात ती साधारण १६ ते २९ पडते. शार्पनेस, रंग, याबद्दल मला काहीही तक्रार नाही, किमतीच्या मानाने फारच छान आहे.

आता मुद्दा. "या लेन्सने माणसं जाड दिसतात", "चेहरे वाकडे येतात", "नाक मोठं येतं", हे सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि सगळे त्याला डिस्टॉर्शन म्हणून मोकळे होतात. पण यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात आणि त्या सुट्या केल्याशिवाय इलाज सापडत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बॅरल डिस्टॉर्शन, ज्यात सरळ रेघा बाहेरच्या बाजूला फुगतात, दाराची चौकट, खिडकीचे गज थोडे वाकलेले दिसतात. हा खरा लेन्सचा दोष, १० एमएमवर थोडा असतो आणि सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकला जातो. माणसं जाड दिसतात त्याचं कारण हे नाही. उलट बॅरलमुळे कडेचं चित्र थोडं आत दाबलं जातं, म्हणजे कडेच्या माणसाला जरासा फायदाच होतो. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल करेक्शन (लेन्सचा हा दोष काढणारी सोय) लावलं की भिंत सरळ होते आणि कडेची मावशी अजून थोडी रुंद होते, करून बघा. म्हणून ग्रुप फोटोत मी ते करेक्शन डोळे झाकून लावत नाही, आधी चेहरे बघते मग चौकट बघते.

दुसरी गोष्ट अंतर. नाक मोठं आणि कान गायब हे जे होतं ना, ते लेन्समुळे होत नाही, तुम्ही किती जवळ उभे आहात त्यामुळे होतं. हिशेब सोपा आहे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर, म्हणजे नाक कानाच्या तुलनेत ४० टक्के मोठं पडणार. तोच कॅमेरा नाकापासून दीड मीटरवर न्या, आता कान १६२ वर, फरक फक्त ८ टक्के. यात लेन्सचा फोकल लेंथ कुठेच आला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत रटगर्सचे सर्जन बोरिस पास्खोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गणित नीट मांडून दाखवलं होतं, १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद वाटतं. त्यांच्याकडे लोक सेल्फी दाखवून नाक लहान करून द्या म्हणत येत होते. म्हणजे बघा, हाताच्या लांबीवर काढलेल्या फोटोवरून माणूस ऑपरेशनपर्यंत पोचतो, हे मला फार गंभीर वाटतं. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुली स्वतःचं नाक झाकत असतात आणि त्यांच्या नाकाला काहीही झालेलं नसतं.

वाइड लेन्स बदनाम होते कारण ती तुम्हाला जवळ जायला लावते. १० वर सगळं लहान दिसतं, मग माणूस फ्रेम भरायला आपोआप पुढे पुढे जातो. एकाच जागी उभं राहून १० वरून १८ ला झूम केलं तर चेहऱ्याची ठेवण तसूभर बदलत नाही, फक्त चित्र कापलं जातं. पाय हलवले तरच चेहरा बदलतो. म्हणून एका माणसाचा चेहरा काढायचा असेल तर ही लेन्स काढून ठेवा, ५० एमएमची एफ/१.८ लेन्स लावा आणि दीड-दोन मीटर मागे जा, दारात उभं राहावं लागलं तरी चालेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि हिच्याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती असते. कडेचं ताणणं. यासाठी घरात एक प्रयोग करा, एक मोसंबी टेबलावर ठेवा, लेन्स १० वर, कॅमेरा सरळ, मोसंबी मधोमध आणि एक फोटो. मग कॅमेरा तसाच समोर बघत ठेवून मोसंबी टेबलावरच डावीकडे सरकवत न्या, फ्रेमच्या अगदी कडेला आली की दुसरा फोटो. पहिल्यात गोल, दुसऱ्यात आडवं अंडं. मोजलंत तर उंचीच्या जवळजवळ दीडपट रुंद भरेल. आता मोसंबीच्या जागी आजीचं डोकं ठेवा.

हा बिघाड नाही. ही लेन्स सरळ रेघ सरळच दाखवायची या हिशेबाने बनवलेली आहे, आणि १०० अंशांच्या वर पसरलेलं जग सपाट सेन्सरवर सरळ रेघांसकट उतरवायचं म्हटलं की गोल वस्तू कडेला ताणली जाणारच, त्यातून सुटका नाही. शाळेतला जगाचा नकाशा आठवा, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, प्रत्यक्षात आफ्रिका १४ पट मोठा आहे. फिशआय लेन्समध्ये याच्या उलट, तिथे डोकी बऱ्यापैकी गोल राहतात पण भिंती वाकतात. दोन्ही एकदम मिळत नाही.

किती ताणलं जातं हे फोकल लेंथवर ठरतं. अगदी डाव्या-उजव्या कडेला १० वर साधारण ५० टक्के, १४ वर २८ टक्के, १८ वर १८ टक्के. कोपऱ्यात तर १० वर ६५ टक्क्यांच्या वर, आणि तिथे चेहरा तिरका ओढला जातो म्हणून जास्तच विचित्र दिसतो. मधल्या अर्ध्या भागात मात्र १० वरसुद्धा १५ टक्क्यांच्या आत राहतं, तेवढं डोळ्याला खुपत नाही. अजून एक गंमत अशी की हाच फोटो अगदी जवळून बघितला तर ताण गायब होतो, १२ इंच रुंद प्रिंट साडेपाच इंचांवरून, एक डोळा मिटून आणि नजर मधोमध ठेवून बघायची, मग कडेचं डोकं पुन्हा गोल वाटतं. पण आल्बम असा कोण बघतो, आणि फोनवर तर तेच अंतर अडीच-तीन इंच येईल.

हे सगळं मला एवढं का लागतं ते सांगते. ओळखीतल्या एका घरी लग्नाचा आल्बम बघत होते, फोटोग्राफर कोण ते महत्त्वाचं नाही, काम तसं स्वच्छ होतं, उजेड छान होता. सगळ्या ग्रुप फोटोंत नवरा-नवरी मधे आणि एक काकू कायम उजव्या टोकाला, कारण त्या स्वयंपाकघरातून हात पुसत शेवटी येणार आणि उरलेल्या जागी उभ्या राहणार. प्रत्येक फोटोत त्यांचा गाल, दंड, खांदा बाहेर ओढलेला, नऊवारीचा काठ शेजारच्या बाईच्या काठापेक्षा सव्वापट रुंद, आणि त्या मला म्हणाल्या, "अगं मी फार सुटलेय गं, मला फोटोत नको घेत जाऊ." त्या अजिबात सुटलेल्या नाहीत. शेजारीच बसल्या होत्या माझ्या. माणूस कडेला उभा राहिला एवढ्यासाठी त्याला पुढची वीस वर्षं आल्बममध्ये स्वतःबद्दल चुकीचं काहीतरी बघायला लागावं, हे मला पटत नाही. आणि टोकाला नेहमी तीच माणसं असतात, राबणारी, उशिरा येणारी, मागे मागे राहणारी.

त्यामुळे आता घरात कसं करायचं. आधी आकडे घ्या. १० फुटांवरून १८ एमएमला जवळजवळ १२ फूट रुंदी येते, म्हणजे हॉलची अख्खी लांब भिंत. माणशी दीड फूट धरलं तर एका ओळीत आठ जण बसतात आणि टोकाचा माणूस साधारण १३ टक्के रुंद होतो, चालतं. तेच आठ जण ६ फुटांवरून १० एमएमला घेतले तर टोकाचा माणूस ३३ टक्के रुंद. भिंत तीच, माणसं तीच. म्हणजे चार फूट मागे जाता आलं तर सगळं सुटतं, आणि ते चार फूट मुंबईच्या घरात कुठेतरी असतात, स्वयंपाकघराच्या दारात, पॅसेजमध्ये, चाळ असेल तर गॅलरीत जाऊन खिडकीतून. मी घरात शिरले की आधी हेच शोधते. यजमानांना सांगून फ्रिजसमोरची खुर्ची हलवली तरी दीड फूट मिळतं.

आणि ओळ लांबवू नका, ओळी वाढवा. पुढे मुलं खाली मांडी घालून, मधे ज्येष्ठ खुर्चीत, मागे उभे, आणि जागा असेल तर त्यामागे सोफ्यावर चढलेले भाऊ लोक. २४ माणसं तीन ओळींत आठ-आठ येतात. टोकाला सडपातळ, तरुण माणसं ठेवा, त्यांना फरक पडत नाही, आणि आजी-आजोबांना मधे. कुणी म्हटलं की अहो आम्ही कडेलाच बरे, तर ऐकू नका.

एल आकाराचा सोफा हा मात्र खरा वैरी. त्याची आडवी बाजू कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे येते, तिथे जो बसतो तो कडेलाही आणि जवळही, म्हणजे दुहेरी मार. त्याचा गुडघा फोटोत त्याच्या डोक्याएवढा येतो. तिथे कुणालाही बसवू नका, त्या बाजूला फुलांची परात ठेवा, ओटीचं ताट ठेवा, काहीही ठेवा. तसंच ग्रुपला अर्धचंद्र करून टोकं पुढे घेण्याची जी सवय बऱ्याच जणांना असते ती वाइडमध्ये उलटी पडते. टोकं पुढे आली की ती मोठी दिसतात आणि ताण वेगळाच. ओळ सरळ, भिंतीला समांतर ठेवा, वाटलं तर टोकाचे दोघे अर्धं पाऊल मागे घ्या.

कॅमेरा उंचावरून खाली वाकवला की डोकी मोठी आणि पाय इवलेसे, मग सगळेच ठेंगणे दिसतात, लहान मुलांचं तर फारच वाईट होतं. छातीच्या उंचीवर, सरळ, न वाकवता. मुलांसाठी खाली बसा. कॅमेरा उभा धरून एकट्या माणसाचा पूर्ण फोटो घेताना डोकं वरच्या कडेला नेऊ नका, तिथे ते लांबट होतं. पाय खालच्या कडेला गेले तर लांब दिसतात, पैठणी नेसलेल्या नवरीला ते आवडतं, तेवढं चालवून घ्या.

सॉफ्टवेअरचं थोडं. डीएक्सओ व्ह्यूपॉइंटमध्ये खास याच गोष्टीसाठी सोय आहे, कडेची डोकी पुन्हा गोल करते, बदल्यात मागच्या रेघा थोड्या वाकतात, घरगुती फोटोत मागे पडदा असेल तर कळतही नाही. फोनवाल्यांनाही हा प्रश्न आहेच कारण फुल फ्रेमच्या हिशेबात साधा मेन कॅमेरा २४-२६ चा आणि अल्ट्रावाइड तर १३ च्या आसपास, म्हणजे त्याच हिशेबात १६ पडणाऱ्या आपल्या लेन्सपेक्षाही वाइड. गूगलच्या लोकांनी २०१९ मध्ये यावर पद्धत मांडली, फोन चेहरे ओळखतो आणि फक्त चेहऱ्यापुरतं चित्र वेगळ्या हिशेबाने वळवतो, मागची भिंत सरळ ठेवून. मला हे काम फार आवडतं कारण त्यांनी प्रश्न बरोबर पकडला. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येही लेन्स करेक्शनचं बटण असतं, ते बंद केलं असेल तर चालू करा. तरी फोनच्या अल्ट्रावाइडवर ग्रुप फोटो काढण्यापेक्षा दोन पावलं मागे जाऊन मेन कॅमेऱ्याने काढा.

एवढं सगळं वाचून लेन्स घेऊ नये असं वाटलं असेल तर थांबा, कारण काही ठिकाणी हिच्याशिवाय फोटोच होत नाही. लालबाग-परळचे गणपतीचे कारखाने बघा. मोठी मूर्ती, भोवती बांबूची परांची, वर ताडपत्री, आणि मागे सरकायला जेमतेम आठ-दहा फूट. मूर्तिकार डोळ्यांची आखणी करत बसलेला असतो, हात स्थिर, श्वास रोखलेला. इथे १० एमएमला कलाकार मधोमध घ्या, मूर्तीचा चेहरा त्याच्या शेजारी, आणि कडेला जाऊ देत बांबू, रंगाचे डबे, ताडपत्री, या गोष्टी ताणल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही, उलट जागेची दाटी अंगावर येते. माझे सगळ्यात जवळचे काही फोटो असेच आलेत. फक्त पायाशी उभं राहून वर तोंड करून मूर्ती घेऊ नका, हात आणि पोट अवाढव्य येतं आणि मुख लहान. मूर्तिकाराने महिनोनमहिने जी प्रमाणं जपली ती आपण एका क्लिकला मोडायची, हे बरं नाही. परांचीवर चढायची परवानगी मागा, देतात बऱ्याचदा.

गेटवेलाही मस्त काम करते. कमान २६ मीटर उंच आहे, तिच्यापासून साधारण २५ मीटरवर उभं राहिलात तर कॅमेरा उभा धरून, अजिबात न वाकवता अख्खी कमान मावते. गावाहून आलेल्या पाहुण्यांना कमानीच्या पायथ्याशी पाठवायचं नाही, मुंगीएवढे दिसतात, त्यांना तुमच्यापासून तीन मीटरवर फ्रेमच्या मधल्या पट्ट्यात उभं करा. चेहरे स्वच्छ, ताण नाही, मागे कमान पूर्ण.

उजेडाचं म्हणाल तर ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये ही लेन्स अडखळते, स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सांभाळतं पण हसणारी हलणारी माणसं थांबवत नाही. बॉडीवरचा पॉप-अप फ्लॅश १० ला पूर्ण फ्रेम झाकत नाही, कडा काळ्या पडतात. वेगळा फ्लॅश घ्या आणि छतावर मारा, आपल्याकडची छतं ठेंगणी आणि पांढरी असतात, उजेड सुंदर पसरतो.

विकत घ्यायची असेल तर डीएसएलआरवाल्यांनी सेकंडहँड बघा, सीएसएमटीसमोर डी. एन. रोड आणि बोरा बाजारच्या भागात दुकानं आहेत, हातात घेऊन बघता येते. घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आतून बघा, मुंबईच्या दमटपणात बुरशी धरलेल्या लेन्स खूप फिरतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर स्वस्त असली तरी सोडून द्या. घेतल्यावर जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. मिररलेसवाल्यांसाठी कॅननने २०२३ मध्ये याच रेंजची आरएफ-एस १०-१८ काढली, ती अजून हलकी, १५० ग्रॅमच्या आसपास, आणि ताणण्याचं गणित तिलाही हेच लागू. ज्यांच्याकडे कॅमेऱ्यासोबत किटमध्ये येणारी १८-५५ आहे आणि घरात दहा फूट मागे जाता येतं त्यांनी ग्रुप फोटोसाठी म्हणून ही घेऊ नये, तीच १८ तुमच्याकडे आधीच आहे. जुन्या १०-१८ चा हूड (लेन्सपुढे लावायची, बाजूचा उजेड अडवणारी झापड) बॉक्समध्ये येत नाही, ईडब्ल्यू-७३सी नावाचा वेगळा मागून घ्यावा लागतो, फिल्टर ६७ एमएमचा लागतो.